उबुंटू सर्व्हर २२.०४ वरून २४.०४ वर: माझा अनुभव

उबुंटू सर्व्हर या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या २२.०४ आवृत्तीला २०२७ पर्यंत सपोर्ट आहे मग अपग्रेड आत्ताच का, असं टीममध्ये बऱ्याच जणांचं म्हणणं होतं. मला २४.०४ हवं होतं ते मुख्यतः सिक्युरिटीतल्या बदलांसाठी, त्यामुळे मी मागेच लागलो आणि आधी प्रॉडक्शनचा म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरचा क्लोन (हुबेहूब प्रत) काढून त्यावर सगळं करून बघायचं ठरलं.

अपग्रेडची कमांड तशी सरळ आहे. एसएसएच (लांबून सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) वरून करत असाल तर ती १०२२ पोर्टवर एक जादाचा एसएसएच चालू करते म्हणजे मधेच कनेक्शन गेलं तरी आत शिरता येतं, फक्त फायरवॉलमध्ये तो पोर्ट आपणच उघडायचा. बाहेरच्या रिपॉझिटरी (उबुंटू सोडून इतरांचे सॉफ्टवेअरचे साठे) ती बंद करून टाकते, त्या नंतर एकेक तपासून चालू केल्या. तेव्हा एपीटीने, म्हणजे सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रॅमने, एका रिपॉझिटरीच्या १०२४ बिटच्या आरएसए की (डिजिटल सहीची किल्ली) बद्दल वॉर्निंग दिली. मला हे आवडलं, इतकी कमकुवत की अजून वापरात आहे हे एरवी कोण बघतं!

खरी गंमत पुढे. आमचं एक सर्व्हिस हेडलेस (स्क्रीनवर न दिसता चालणारा) ब्राउझर वापरून पीडीएफ बनवतं, ते रीबूटनंतर चालूच होईना, एरर येत होती सँडबॉक्सची, म्हणजे ब्राउझर वेब पेजेस ज्या बंदिस्त जागेत चालवतो तिची. कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा) लॉग बघितला तर ॲपआर्मरने, म्हणजे कुठल्या प्रोग्रॅमला काय करता येईल हे ठरवणाऱ्या सिक्युरिटी यंत्रणेने, डिनाय केलेलं. २४.०४ मध्ये साध्या युजरच्या प्रोग्रॅमला युजर नेमस्पेस (युजर आणि अधिकारांचं वेगळं कप्प्यासारखं जग) बनवून त्यात रूटसारखे अधिकार मिळत नाहीत, त्यासाठी ॲपआर्मर प्रोफाइलमध्ये स्पष्ट परवानगी लागते. कारण पटण्यासारखं आहे, या नेमस्पेसमधून कर्नलचा असा बराच भाग हाताशी येतो जो एरवी फक्त रूटलाच मिळतो आणि साध्या युजरवरून रूट होणारे कितीतरी हल्ले तिथूनच सुरू झालेत. काही माहितीतल्या ब्राउझरांची प्रोफाइल्स आधीच दिलेली असतात पण ती ठरावीक पाथसाठी, आमचा ब्राउझर ॲप्लिकेशनच्या फोल्डरमध्ये होता.

नेटवर शोधलं की पहिला सल्ला मिळतो सिस्कंट्रोल (sysctl, कर्नलची सेटिंग्ज बदलायची कमांड) मधून हे बंधन बंद करा, दुसरा मिळतो ब्राउझर सँडबॉक्सशिवाय चालवा. कृपया यातलं काहीही करू नका! पहिल्याने अख्ख्या मशीनचं संरक्षण जातं आणि दुसऱ्याने बाहेरून आलेलं एचटीएमएल उघड्यावर चालतं. आपल्या ब्राउझरच्या पाथसाठी चार ओळींचं प्रोफाइल लिहायचं, त्यात यूजरएनएसची (userns, म्हणजे युजर नेमस्पेसची) परवानगी द्यायची आणि ते लोड करायचं, झालं. आमचं सर्व्हिस लगेच चालू झालं आणि बाकी सगळ्यांसाठी बंधन तसंच राहिलं.

एसएसएचचा पोर्ट बदलायचा असेल तर आता त्या पोर्टवर सिस्टमडीचं (सगळ्या सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रॅमचं) सॉकेट ऐकतं, म्हणून कॉन्फिग बदलल्यावर डेमन-रीलोड करून (सिस्टमडीला सेटिंग्ज परत वाचायला लावून) एसएसएचचं सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं, नुसतं सर्व्हिस रीस्टार्ट करून भागत नाही. पायथन ३.१२ आलं आणि सिस्टमच्या पायथनमध्ये पिपने (पायथनची पॅकेजेस घालायच्या कमांडने) थेट इन्स्टॉल करू देत नाही, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (पायथनच्या वेगळ्या फोल्डरमध्ये) हलवल्या. ग्नूटीएलएस ही लायब्ररी वापरणाऱ्या प्रोग्रॅमसाठी टीएलएस (नेटवरचं संभाषण एन्क्रिप्ट करायची पद्धत) च्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या पण बंद आहेत, जुने क्लायंट असतील तर ते आधीच शोधून ठेवा.

क्लोनवर हे सगळं मिटल्यावर प्रोफाइल आणि स्क्रिप्ट तशाच्या तशा प्रॉडक्शनवर नेल्या. आता आपोआप होणाऱ्या अपडेटनंतर लायब्ररी बदलली की नीडरीस्टार्ट नावाचा प्रोग्रॅम ती वापरणाऱ्या सर्व्हिस स्वतःच रीस्टार्ट करतो, म्हणून डेटाबेसला मी त्यातून वगळलंय, तो आम्ही ठरलेल्या वेळीच रीस्टार्ट करतो.