थांबवायचे राहून गेलेले घड्याळ

मंगळवार, रात्री

आज त्याला जाऊन तीन आठवडे झाले. धावपटूंच्या वेळा नोंदवणे हे माझे गेल्या चौदा वर्षांचे काम आहे आणि त्या संध्याकाळचे स्टॉपवॉच मी अजून शून्यावर आणलेले नाही. ८०० मीटरच्या सरावात, ६०० ची खूण ओलांडताच तो कोसळला. मी धावत गेलो, पण घड्याळ थांबवायचे भान राहिले नाही. ते माझ्या मुठीत चालत राहिले आणि सवयीने माझी नजर त्यावर जात राहिली. रुग्णवाहिका निघाली तेव्हा मी ते थांबवले. त्यावर ३१ मिनिटे ४६ सेकंद दिसतात. त्यातले पहिले १ मिनिट २६ सेकंद त्याच्या धावेचे आहेत, आणि ६०० मीटरपर्यंतची त्याची ती आजवरची सर्वांत चांगली वेळ होती.

तो पडल्यापासून त्याच्या छातीवर पहिला दाब पडेपर्यंत ४ मिनिटे १० सेकंद गेले. तेवढ्या वेळात आम्ही काय करत होतो, हे मला लिहून ठेवलेच पाहिजे. त्याचे हातपाय झटकले गेले, म्हणून कुणी म्हणाले की आकडी आली आहे. तो घोरल्यासारखे आचके देत होता, म्हणून श्वास चालू आहे असा आम्ही एकमेकांना धीर दिला. कुणी पाय वर धरले, कुणी तोंडावर पाणी मारले. हृदय अचानक बंद पडल्यावर पहिल्या काही मिनिटांत असे झटके आणि असे तुटक आचके येऊ शकतात, त्यांना श्वास समजायचे नसते, हे मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून कळले. छाती दाबल्यावाचून आणि विजेचा झटका दिल्यावाचून गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. झटका देणारे यंत्र, ते एईडी, आमच्याच कार्यालयात होते. पण कपाटाला कुलूप होते आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाजवळ होती. यंत्र त्याच्यापाशी पोहोचले तेव्हा तो पडल्यानंतरचे अकरावे मिनिट चालू होते. किल्ली ज्याच्याजवळ होती त्याला मी दोष देत नाही. यंत्र चोरीला जाऊ नये म्हणून कुलूप लावायचे ठरले, त्या बैठकीत मीही मान डोलावली होती.

शुक्रवार

आज मुले पुन्हा मैदानावर जमली. धावायचे कुणाच्याच मनात नव्हते. चौथ्या मार्गिकेच्या कडेला सगळी बसून राहिली आणि बराच वेळ कुणी काही बोलले नाही. मग त्याच्याबरोबर सराव करणाऱ्या एका मुलाने मला विचारले, ‘काका, एरिक्सन वाचला, मग हा का नाही?’ १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्क आणि फिनलंड यांच्या फुटबॉल सामन्यात डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन असाच कोसळला होता. त्याच्याजवळ माणसे तत्काळ पोहोचली, छाती दाबायला सुरुवात झाली, यंत्राचा झटका मैदानावरच मिळाला, आणि पुढच्या वर्षी छातीत बसवलेल्या उपकरणासह तो पुन्हा खेळू लागला. मी मुलाला एवढेच सांगितले की तिथे यंत्र जवळ होते. त्याने पुढे काही विचारले नाही. कपाट कुठे आहे हे त्यालाही माहीत आहे.

अहवाल आला आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली होती. या आजाराला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात आणि तो साधारण ५०० माणसांमागे एकाला असतो. २००३ साली फ्रान्समध्ये सामना चालू असताना कोसळून गेलेला कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-विव्हियन फोए यालाही हाच आजार होता. लोक ‘हार्ट अटॅक’ म्हणत आहेत, पण रक्तवाहिनी तुंबलेली नव्हती. हृदयातला विजेचा क्रम बिघडला आणि ते आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहिले. याहून वाईट बोलणारेही आहेत. तो काहीतरी घेत असणार, अशी कुजबुज माझ्या कानावर आली, तेव्हा मी आयुष्यात प्रथमच मैदानावर आवाज चढवला. एकोणीस वर्षांच्या मुलाला स्वतःची बाजू मांडता येणार नसताना असे बोलवते तरी कसे?

संध्याकाळी त्याच्या आईकडे गेलो होतो. हा आजार बहुधा वारशाने येतो आणि आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते, हे त्यांना डॉक्टरांनी समजावले आहे. त्यांचा धाकटा भाऊ तिशीतच झोपेत गेला होता. ‘म्हणजे माझ्याकडूनच गेले ना त्याच्याकडे?’ त्यांनी शांतपणे विचारले. मला उत्तर सुचले नाही. त्यांचा आणि धाकट्या मुलीचा ईसीजी (हृदयाच्या विजेचा आलेख) व इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आहे. मुलीच्या तपासणीत आज काही आढळले नाही, तरी पुढची काही वर्षे ती पुन्हा पुन्हा करावी लागणार आहे.

घरी येऊन मी जुनी वही काढली. दोन वर्षांपूर्वीच्या एका पानावर, माझ्याच अक्षरात, त्याच्या नावापुढे लिहिले आहे: ‘शेवटच्या फेरीत चक्कर, धाव अर्धवट.’ ऊन फार होते, पाणी कमी पडले असेल, असे आम्ही त्या वेळी ठरवले. धावता धावता शुद्ध हरपणे आणि कुटुंबात कुणी तरुणपणीच अचानक जाणे, या दोन्ही गोष्टी हृदय तपासायला पुरेशा होत्या. एक माझ्या वहीत होती आणि दुसरी आम्ही त्याला कधी विचारलीच नाही. इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंची ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. इतर देशांत अशा सरसकट तपासणीच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. त्या वादात पडण्याची माझी पात्रता नाही. पण एक प्रश्न विचारायला यंत्र लागत नव्हते.

रविवार

कपाट गेले. यंत्र आता मार्गिकेलगत भिंतीवर, कुलपाविना टांगले आहे. आज प्रशिक्षिकेने बाहुल्यावर सर्वांकडून छाती दाबण्याचा सराव करून घेतला. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल इतके खोल. मुले मोठ्याने मोजत होती आणि त्याची धाकटी बहीणही त्यांच्यात होती. मग मैदानाच्या पलीकडच्या टोकापासून यंत्र आणायला किती वेळ लागतो ते पाहायचे ठरले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

मी वही उघडली, ३१ मिनिटे ४६ सेकंद हा आकडा त्याच्या नावापुढे लिहिला, खाली रेघ न ओढता तारीख टाकली, आणि घड्याळ शून्यावर आणले. पहिल्या खेपेला २ मिनिटे ५ सेकंद लागले. दुसऱ्या खेपेला १ मिनिट ३८ सेकंद. मंगळवारी पुन्हा घेणार आहोत.