नवऱ्याची सही लागत नाही

तिच्या परवानगीने लिहितेय. आज एका मैत्रिणीसोबत दवाखान्यात गेले होते. नऊ आठवडे झालेत, तिला गर्भपात हवाय. काउंटरवरून भरल्या हॉलमध्ये मोठ्याने विचारलं, "मिस्टर कुठायत? सही लागेल त्यांची." ती कसनुशी झाली. मला इतका राग आला!

नाही लागत. १९७१ च्या गर्भपात कायद्यानुसार सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. 'फॉर्म सी' या संमतीच्या फॉर्मवर तिचीच सही. वीस आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत लागतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तर तिचं नाव विनाकारण उघड करणाऱ्या डॉक्टरला वर्षभराची कैद होऊ शकते.

सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने आणखी स्पष्ट केलं: ठरावीक परिस्थितीतल्या बायांना वीस ते चोवीस आठवड्यांतही गर्भपाताची जी सवलत आहे, ती लग्न झालेलं नाही म्हणून नाकारता येणार नाही, आणि कायद्यात नसलेल्या घरच्यांच्या संमतीसारख्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत.

बायांनो, कुणी सही मागितलीच तर कायद्यातलं कलम दाखवायला सांगा. एकटीला बोलणं जड जात असेल तर मला मेसेज करा, मी सोबत येईन.