जुना लेथ घेताय? गंज सोडा, स्पिंडल बघा

लाकूड कातायचा एक जुना लेथ घेतला. बिडाचा आहे, दोघांनी उचलला तरी कंबर बोलायला लागते असा. फोटो पाठवला की सगळ्यांचं एकच, "अरे केवढा गंजलाय!" पण खरं सांगू का, वरवरचा गंज हा यातला सगळ्यात फालतू प्रॉब्लेम आहे, रॉकेल आणि घासणी घेऊन बसलं की निघतो, उलट विकणाऱ्यालाही तोच दिसत असतो त्यामुळे भाव पाडायला बरा पडतो.

खरं बघायचं ते स्पिंडल, म्हणजे लाकूड फिरवणारा मुख्य दांडा. पट्टा काढून हाताने फिरवायचा आणि ऐकायचं, मग वरखाली हलवून प्ले (ढिलेपणा) आहे का बघायचं. खरखर येत असेल आणि आत बॉल बेअरिंग असेल तर टेन्शन नाही, नंबर बहुतेक वेळा रिंगवरच असतो, साइझ स्टँडर्ड असतात, नवीन मिळतं. पण फार जुन्या मशीनमध्ये बॅबिट (एक मऊ मिश्रधातू) किंवा ब्राँझचे बुश, म्हणजे स्पिंडल ज्यात फिरतो त्या नळ्या, असतात, ते झिजले असतील तर तयार मिळणं कठीण, करूनच घ्यावे लागतात. आणि स्पिंडलच्या टोकाचे आटे! आजचे चक (लाकूड पकडणारा पंजा) बहुतेक १ इंच ८ टीपीआय (इंचाला ८ आटे) किंवा एम ३३ बाय ३.५ (३३ मिमी व्यास, दोन आट्यांत ३.५ मिमी अंतर) वर बसतात, जुन्या कंपन्यांनी मात्र मनाला येईल ते आटे पाडून ठेवलेत, म्हणजे अडॅप्टरचा खर्च आलाच.

टूल रेस्ट (हत्यार टेकवायचा आधार) धरणारा बँजो जागेवर आहे ना तेही बघा, जुन्या लेथचा नेमका तोच हरवलेला असतो आणि दुसऱ्या मॉडेलचा सहसा बसत नाही. हेडस्टॉक (स्पिंडलची बाजू) आणि टेलस्टॉकमध्ये (समोरची सरकती बाजू) टोकदार सेंटर लावून जवळ आणायचे, टोकाला टोक भिडलं पाहिजे. थोडा फरक असेल तर शिम (पातळ पत्री) घालून जुळवता येतो. बेडला (ज्यावर हे सगळं बसतं त्या बिडाच्या पायाला) हातोडीने हलकंच टकटक करायचं, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा शोधायला लागायचं.

माझ्या लेथचं बेअरिंग गेलेलं होतं आणि टेलस्टॉकची क्विल (आतबाहेर सरकणारी नळी) जाम. क्विलला तेल सोडायचं, मुरू द्यायचं, थोडं हलवायचं, परत तेल. तिथे घाई करून ठोकाठोकी केली की बीड फुटतं, आणि बिडाचं वेल्डिंग हा वेगळाच ताप. बेअरिंग पुलरने काढलं. नवीन शाफ्टवर चढवताना दाब आतल्या रिंगवरच द्यायचा, बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर बॉलचे खड्डे रेसवर (बॉल फिरतात त्या खाचेवर) उमटतात आणि कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुरगुरतं. स्पिंडल बाहेर आलाच आहे तर नवा पट्टाही तेव्हाच घालून घ्या, अखंड व्ही-बेल्ट असेल तर नंतर परत हे सगळं खोलावं लागतं (किंवा मग सरळ कड्या जोडून बनणारा लिंक बेल्ट लावा).

रंग मी खरवडला नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासून ती धूळ कोण खाणार! तसंही आरशासारखा चकाचक केलेला लेथ मला शोकेसमधला वाटतो.

स्पीडचा हिशोब मात्र नीट केला. व्यास इंचात गुणिले आरपीएम साधारण ६००० ते ९००० मध्ये ठेवायचं असं टर्नर लोक धरून चालतात, म्हणजे १० इंची वाडग्याला ६०० ते ९००, आणि वाकडातिकडा ओंडका असेल तर त्याहून कमी. माझ्या पुलीची सगळ्यात हळू पायरीसुद्धा त्याच्या वर जात होती, म्हणून थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी (मोटरचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह) लावला. त्यातला रिव्हर्स मी बंदच करून टाकलाय, कारण आट्यावरचा चक उलट फिरवला की सुटून अंगावर येऊ शकतो. आता फक्त इमर्जन्सी स्टॉपचं बटण बसवायचं राहिलंय, ते होईपर्यंत लाकूड चढवणार नाही.