'बेअर विटनेस': साक्ष देणे आणि साक्ष वाहणे

इंग्रजीतील 'बेअर विटनेस' या वाक्प्रचारासाठी आपण मराठीत 'साक्ष देणे' असे सर्रास लिहितो आणि बहुतेक ठिकाणी ते चालूनही जाते. तरीही भाषांतर करताना त्यातला एक महत्त्वाचा अर्थ हातून निसटतो, असे मला वारंवार जाणवले आहे.

'विटनेस' म्हटले की आज आपल्याला साक्षीदार आठवतो. जुन्या इंग्रजीत मात्र या शब्दाचा मूळ अर्थ ज्ञान आणि त्या ज्ञानाच्या बळावर दिलेली साक्ष असा होता. या वाक्प्रचारात तोच अर्थ टिकून राहिला आहे, म्हणून 'विटनेस'च्या आधी येथे 'अ' हे उपपद लागत नाही. या शब्दातील 'विट' आणि आपल्या 'वेद', 'विद्या' या शब्दांतील 'विद्' धातू एकाच कुळातले आहेत; 'बेअर' म्हणजे वाहणे आणि त्याचे नाते संस्कृत 'भृ' धातूशी, म्हणजे पर्यायाने आपल्या 'भार' या शब्दाशी पोहोचते. आपला 'साक्षी' डोळ्यांवरून आला आहे. पाणिनीनेही त्याचा अर्थ प्रत्यक्ष पाहणारा असाच सांगितला आहे. आपला शब्द पाहण्यापाशी थांबतो, तर इंग्रजी वाक्प्रचार जे कळले ते वाहून नेण्याबद्दल बोलतो.

न्यायालयातील जबानीसाठी इंग्रजीत सहसा 'टेस्टिफाय' किंवा 'गिव्ह एव्हिडन्स' म्हणतात. १६११ च्या इंग्रजी बायबलमधील आज्ञेत मात्र शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस, हे सांगताना 'बेअर' हेच क्रियापद आले आहे. भूतकाळी त्याचे रूप 'बोअर' होते. उच्चार सारखा असल्यामुळे उघडे या अर्थाचा दुसरा 'बेअर' लिहिण्याची चूक फार होते, ती टाळायला हवी.

निर्जीव वस्तूंच्या बाबतीत मराठी मुळीच उणी पडत नाही. हिरोशिमातील घुमटाची उघडी पडलेली लोखंडी चौकट ६ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बस्फोटाची साक्ष देते, हे वाक्य अस्सल मराठी आहे. परंतु त्या स्फोटातून वाचलेली माणसे पुढे अनेक वर्षे शाळकरी मुलांसमोर उभी राहून त्या सकाळविषयी बोलत राहिली, त्यांच्यासाठी 'साक्ष दिली' असे लिहिले की ती एकदाच आणि कोणा न्यायाधीशापुढे दिल्यासारखी वाटते. अशा ठिकाणी मी प्रतिशब्दाचा हट्ट सोडतो आणि 'जे भोगले ते सांगत राहिली' असे लिहितो.