काल, खाल, गाल, घाल : कापाकापीचा टप्पा

क, ख, ग, घ हे ध्वनी आपला कान कशावरून वेगळे ओळखतो, ते घरच्या घरी तपासतो आहे. रेकॉर्डिंग झाली होतीच, आता त्या आवाजांची कापाकापी सुरू केली आहे. शब्द चारच, आवाज आईचा, जागा आमची परळची खोली, पंखा बंद करून.

‘प्रात’ (Praat) या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘खाल’ उघडला की आधी स्फोट, म्हणजे तोंडात अडवलेली हवा एकदम सुटते तो क्षण, दिसतो, मग नुसत्या हवेचा पट्टा, आणि त्यानंतर स्वरतंतूंची थरथर. आईच्या ‘ख’मध्ये ही हवा साधारण ९० मिलिसेकंद टिकते, ‘क’मध्ये जेमतेम २५. तो पट्टा दहा-दहा मिलिसेकंदांनी कमी करत गेलो आणि सगळे तुकडे क्रम मोडून घरच्यांना ऐकवले. पहिल्या काही कापांनंतरही सगळ्यांचं ‘खाल’ ठाम. मग मध्येच, तेवढ्याच एका कापाने, ‘काल’! ‘थोडा क, थोडा ख’ असं कुणालाच ऐकू आलं नाही. लीबरमन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये कृत्रिम ध्वनींवर दाखवलेली अशीच उडी घरच्या माणसाच्या आवाजात ऐकताना अंगावर काटा आला.

‘गाल’मध्ये थरथर स्फोटाच्या आधीच सुरू होते. म्हणजे स्फोटाच्या किती आधी किंवा नंतर थरथर सुरू होते, या एकाच मोजपट्टीवर ग, क, ख ओळीने बसतात. लिस्कर आणि अब्रॅमसन या संशोधकांनी १९६४ मध्ये ही मोजपट्टी ११ भाषांना लावली, त्यांत आपली मराठीही होती. ‘घ’ मात्र त्यांच्याही पट्टीवर वेगळा निघेना. त्याचीही थरथर स्फोटाआधीच सुरू होते, त्यामुळे तो थेट ‘ग’च्या जागेवर जाऊन बसतो.

मग आपला कान त्याला ओळखतो कशावरून? स्फोटानंतरच्या भागावरून. तिथे स्वरतंतू थरथरत असतानाच हवाही निसटते, आणि सूर जरासा उतरतो. ‘घाल’मधला तेवढा तुकडा काढला, तर आईला स्वच्छ ‘गाल’ ऐकू आलं. तोच तुकडा ‘गाल’मध्ये चिकटवला तर बहुतेक वेळा ‘घाल’. या चौघांत माझा जीव ‘घ’वरच जडला आहे, त्यामुळे ट-ठ-ड-ढ तूर्तास बाजूला.

पुढे वॉरन या मानसशास्त्रज्ञाचा १९७० चा प्रयोग मराठीत करायचा आहे. त्याने वाक्यातला एक ध्वनी काढून तिथे खोकला घातला, तरी ऐकणाऱ्यांना शब्द अख्खाच ऐकू आला. मी खोकल्याऐवजी लोकलचा खडखडाट घालणार आहे, आणि तुलनेसाठी त्याच जागी नुसती शांतता ठेवलेली दुसरी प्रत. वाक्यं तुम्ही सुचवा. फक्त कापायचा ध्वनी शब्दाच्या मधोमध असू द्या.