म्यूझस्कोरमध्ये रूपक लिहिताना बीम भलतीकडे का जोडले जातात

म्यूझस्कोर या नोटेशन लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणी रूपक, म्हणजे सात मात्रांचा तबल्याचा ताल, लिहून बघितलाय का? सात-आठची टाइम सिग्नेचर (एका मापात सात एटथ नोट) टाकायची, तीं तीं ना धी ना धी ना असे सात एटथ नोट भरायचे आणि बघायचं तर बीम (नोटांना जोडणाऱ्या जाड रेघा) भलत्याच ठिकाणी. प्लेबॅक बरोबर, पण कागदावर दिसतो वेगळाच ताल. यात सॉफ्टवेअरला शिव्या घालून काय उपयोग नाही ओ, सात-आठ म्हणजे 2-2-3 पण असतं आणि 3-2-2 पण, रूपकचे विभाग 3-2-2 असे पडतात ते त्याला कोण सांगणार.

मग बरेच जण एकेक नोट निवडून पॅलेटमधून बीम तोडत-जोडत बसतात. नका करू तसं. हाताने लावलेलं बीम त्या नोटला चिकटून राहतं, म्हणजे नंतर गट बदलले तरी तेवढ्या नोटा ऐकतच नाहीत. त्यापेक्षा टाइम सिग्नेचरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, तिथे नोट ग्रुप्स असा भाग आहे, त्यात एटथच्या ओळीतल्या चौथ्या आणि सहाव्या नोटवर क्लिक करायचं, झालं 3-2-2. सिक्स्टीन्थची ओळ वेगळी असते, दुगुन (दुप्पट लय) लिहिणार असाल तर तिथेही गट पाडावे लागतात, हे लई जण विसरतात. आधी हाताने केलेलं असेल तर सगळं सिलेक्ट करून बीम ऑटोवर आणा.

मात्रा क्वार्टर धरली, म्हणजे सात-चार, तर बीमच नसतात, विभाग दिसणार कसे? मग तुटक बारलाइन (उभी रेघ). चौथी नोट निवडायची, कंट्रोल दाबून पॅलेटमधल्या तुटक बारलाइनवर क्लिक केलं की ती मापाच्या मध्येच येते, तसंच सहाव्या नोटला. वर स्टाफ टेक्स्टने खुणा टाकायच्या, आणि रूपकची पहिली मात्राच खाली, म्हणजे टाळीशिवायची, असते म्हणून तिथं शून्य. मेट्रोनोम मात्र पहिल्यालाच जोर देतो, ते ऐकून तबलेवाले हसतात.

बोल लिरिक्समध्ये टाकताना स्पेस दाबली की कर्सर पुढच्या नोटवर उडी मारतो. एका मात्रेत दोन बोल हवे असतील तर कंट्रोल-स्पेस. आणि टेक्स्ट स्टाइलमध्ये जाऊन लिरिक्सला देवनागरीचा फॉन्ट स्वतः द्या.

आता हलगी. आमच्या सोलापुरात जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वज निघाले की पुढचे कित्येक दिवस कानात तेच, आणि भाचा पुण्यात ड्रम शिकतो, त्याला बोलापेक्षा स्टाफ (ओळींवरचं नोटेशन) लवकर कळतो, म्हणून लिहायला घेतलं. एका ओळीचा स्टाफ घेतला तर काही नोटा ओळीच्या खाली लटकतात, कारण म्यूझस्कोरच्या ड्रमसेट सेटिंगमध्ये प्रत्येक ठोक्याला स्टाफ लाइनचा नंबर असतो आणि तो पाच ओळींच्या हिशेबाने दिलेला असतो. तो शून्य करा, नोट ओळीवर बसते. दुसरी गोष्ट व्हॉइस, म्हणजे एकाच स्टाफवरचे नोटांचे वेगळे थर. जाड काठीचा ठोका व्हॉइस दोनमध्ये असला की त्याच्या दांड्या खाली जातात आणि मधे रेस्टची गर्दी होते. हलगी एकच वाद्य, दोन्ही ठोके व्हॉइस एकमध्ये आणि दांडी वर. नोटहेड वेगळं दिलं, एकाला गोल आणि एकाला फुली, की बारीक काठी कुठली ते लगेच कळतं.

लेझीमवरचा झुलता ठेका चार-चारमध्ये लिहिला तर जिकडेतिकडे ट्रिप्लेटचे (एका मात्रेत तीन नोटा) 3 हे आकडे नि कंस, वाचणाऱ्याचा जीव जातो. आकडे-कंस प्रॉपर्टीजमधून लपवता येतात, पण माझ्या मते सरळ बारा-आठ घ्यावं. किंवा साध्या एटथ लिहून वर स्विंगचा टेक्स्ट टाकावा, तो फक्त प्लेबॅक झुलवतो, नोटेशन तसंच राहतं. भाच्याला बारा-आठच आवडलं, बँडवाल्यांना मी अजून दाखवलेलं नाही, ते म्हणतील कागद कशाला, पीडीएफ पाठव की मोबाइलवर.