अंदाजपत्रकापासून सुरुवात

नागपूर, सोमवार

पीएच.डी.ला नव्याने नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांना संशोधनासाठी पैसा कसा मिळवावा हे शिकवण्याचे काम या सत्रात विभागाने माझ्याकडे सोपवले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०२२च्या नियमावलीप्रमाणे कोर्सवर्क, म्हणजे पीएच.डी.तील वर्गात शिकायचा अभ्यासक्रम, किमान बारा श्रेयांकांचे असावे लागते. त्यात संशोधनपद्धती येते, प्रकाशनाची नीतिमत्ता येते, पण अर्ज आणि अनुदान या विषयासाठी नियमावलीने वेगळी जागा राखलेली नाही. त्यामुळे ही विद्या आजवर वसतिगृहाच्या खोल्यांतून आणि कॅन्टीनच्या टेबलांवरून एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे जात आली आहे, आणि ज्याचा कोणी सीनियर ओळखीचा नाही त्याच्यापर्यंत ती बहुधा शेवटची तारीख उलटल्यावर पोहोचते. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुले गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ या बाजूची आहेत आणि घरातील पहिलीच पदवीधर आहेत. ही मुले हुशारीत कोणापेक्षा उणी नाहीत. कोणत्या दाराशी केव्हा जावे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, एवढेच.

पहिला तास फळ्यावर नावे लिहिण्यात गेला. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, सर्वांना ठाऊक होती आणि १ जानेवारी २०२३पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० व पुढे एसआरएफला, म्हणजे वरिष्ठ अधिछात्रवृत्तीला, ४२,००० रुपये झाली हेही पाठ होते. बार्टी, सारथी आणि महाज्योती या अधिछात्रवृत्ती देणाऱ्या राज्याच्या संस्थांची नावे मुलांनीच सांगितली. त्यांतील महाज्योतीचे मुख्यालय आपल्याच शहरात आहे. सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला निधी देणाऱ्या आयसीएसएसआरचे नाव मात्र समाजशास्त्राच्या मुलांखेरीज कोणी घेतले नाही. पीएच.डी.ची नोंदणी भारतात असतानाच काही महिने अमेरिकेतील विद्यापीठात काम करू देणारी फुलब्राइट-नेहरू अधिछात्रवृत्ती आपल्यासाठी असू शकते, यावर तर कोणाचा विश्वासच बसेना. संशोधनाला निधी देणाऱ्या केंद्राच्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचे नाव एकाने उत्साहाने घेतले, तेव्हा त्याला सांगावे लागले की त्याची प्रकल्प-अनुदाने मुख्यतः नियमित पदावरील अध्यापकांसाठी आणि शास्त्रज्ञांसाठी असतात.

या यादीपेक्षा महत्त्वाची गोष्ट तासाच्या शेवटी निघाली. अधिछात्रवृत्ती ही संशोधकाच्या पोटापाण्यासाठी असते आणि अनुदान हे संशोधनाच्या कामासाठी असते, हा फरक मुलांच्या मनात मुळीच नाही. जेआरएफ मिळाली की पैशाचा प्रश्न मिटला, असे ती धरून चालतात. प्रत्यक्षात यूजीसीच्या जेआरएफमध्ये मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांच्या संशोधकाला पहिली दोन वर्षे कॉन्टिन्जन्सी, म्हणजे किरकोळ खर्चाची रक्कम, म्हणून वर्षाला १०,००० रुपये मिळतात, आणि त्यातच पुस्तके, छायाप्रती, टंकलेखन व क्षेत्रकार्याचा प्रवास बसवावा लागतो. मग क्षेत्रकार्य खोलीभाड्यातून आणि घरी पाठवायच्या पैशांतून होते, आणि तो खर्च कोणत्याही कागदावर दिसत नाही.

बुधवार

आज मुलांना निवड समितीच्या खुर्चीत बसवले. नावे व संस्था झाकलेले काही जुने प्रस्ताव त्यांच्यात वाटले, प्रत्येकासाठी दहा मिनिटे दिली आणि फक्त एकालाच पैसा देता येईल, असे बजावले. जी मुले स्वतःच्या प्रस्तावात प्रास्ताविकावर चार पाने खर्च करतात, तीच दुसऱ्याचे प्रास्ताविक अर्ध्यावर सोडून थेट शेवटच्या पानाकडे वळताना पाहून मला हसू आवरले नाही.

त्यांच्या तक्रारी ऐकण्यासारख्या होत्या. ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात सापडले आणि ते कोणालाच खरे वाटले नाही. ‘सदर संशोधनातून या प्रश्नावर प्रकाश टाकण्याचा प्रयत्न करण्यात येईल’ हे तर सिनॉप्सिसमधून, म्हणजे पीएच.डी.साठी सादर केलेल्या संशोधन-आराखड्यातून, सरळ उचलून आणलेले वाक्य. एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, नेमका कोणाला भेटणार आणि काय विचारणार, हे यात कुठेच सापडत नाही.’ तिच्या स्वतःच्या सिनॉप्सिसमध्येही ते सापडत नाही, पण आज ते बोलून दाखवण्याची गरज पडली नाही, कारण खाली बसल्याबरोबर तिने आपली फाईल उघडली.

माझ्या मते दोष मुलांचा नाही. सिनॉप्सिस आपल्या मार्गदर्शकासाठी आणि समितीसाठी लिहिला जातो. त्यांना विषय ठाऊक असतो, विद्यार्थी ठाऊक असतो आणि संमती बहुधा आधीच ठरलेली असते. अनुदानाचा अर्ज मात्र अशा अनोळखी माणसाच्या हाती पडतो, ज्याच्यापुढे आणखी गठ्ठा आहे, ज्याचा विषय कदाचित वेगळा आहे आणि ज्याला नकार देण्यासाठी कारण हवेच आहे. या दोन वाचकांत केवढे अंतर आहे, हे आजवर फक्त पहिल्या वाचकासाठी लिहिलेल्या मुलाला एका व्याख्यानात कळणार नाही.

हल्ली यात चॅटजीपीटीची भर पडली आहे. तिथून उतरलेले प्रस्ताव गुळगुळीत असतात, व्याकरण बिनचूक असते, उद्दिष्टे पाच असतात आणि पाचही कोणत्याही जिल्ह्याला, कोणत्याही विषयाला लागू पडतात. त्याविरुद्ध वर्गात भाषण देण्यापेक्षा उद्याचा तास अधिक उपयोगी पडेल, असे वाटते.

गुरुवार

आज प्रस्तावाची सुरुवात अंदाजपत्रकापासून करायला सांगितली. वर्गात कुजबुज झाली. एका मुलाने नम्रपणे म्हटलेही, ‘मॅडम, आधी संशोधन काय करायचे ते नक्की होऊ द्या, मग खर्च काढू.’ सगळीकडे असाच क्रम शिकवला जातो आणि म्हणूनच खर्चाचा तक्ता शेवटच्या रात्री, एकूण रकमेला वरून खाली भागत भागत भरला जातो. माझा अनुभव उलटा आहे. संशोधनपद्धतीच्या परिच्छेदात माणूस स्वतःलाही फसवू शकतो, कारण ‘निरीक्षण व मुलाखत पद्धतीचा अवलंब’ असे लिहायला काहीच खर्च पडत नाही. पण कोणत्या गावी, कोणत्या महिन्यात, किती दिवस आणि कोणाबरोबर, हे ठरवल्याशिवाय प्रवासखर्चाचा एक आकडाही लिहिता येत नाही.

पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीवर संशोधन करणाऱ्या विद्यार्थिनीचे उदाहरण फळ्यावर घेतले, कारण ते सर्वांना समजण्यासारखे होते. तिच्या सिनॉप्सिसमध्ये चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या चारही जिल्ह्यांतील नाट्यप्रयोगांचे निरीक्षण आहे. आम्ही हिशोबाला बसलो. प्रयोग दिवाळीनंतर सुरू होतात आणि होळीच्या आसपास हंगाम आटोपतो. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. गडचिरोली जिल्ह्यातील वडशापर्यंत एसटीने जाता येईल, पण तिथून ज्या गावी प्रयोग आहे तिथे रात्री जाण्यासाठी वाहन ठरवावे लागेल. मुलगी एकटी जाणार नाही, म्हणजे सोबत क्षेत्रसहायक हवी, आणि सहायक हवी म्हणजे तिचे मानधन, प्रवास व जेवण हवे. हे सारे एका प्रयोगासाठी मांडले तेव्हाच रक्कम इतकी झाली, की चार जिल्हे कुठल्या कुठे गेले. थोडा वेळ ती हिरमुसली. मग तिनेच सुचवले, की एकच नाट्यमंडळी घ्यावी आणि एका हंगामात तिच्यासोबत आठ-दहा गावे फिरावे. तालीम, तिकीट, गावातील आयोजक आणि नटांचे मानधन हे सगळे एकाच मंडळीच्या निमित्ताने पाहता येईल. चार जिल्ह्यांच्या यादीपेक्षा हा विषय किती तरी सरस आहे. खर्चाच्या रकान्यातून संशोधनाचा प्रश्न वर आला तो असा.

त्यातच पैशाच्या वेळेचा मुद्दा निघाला. अनुदान मंजूर होऊन पहिला हप्ता मार्चमध्ये हाती पडला, तर नाटकांचा हंगाम संपलेला असेल आणि पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावे लागेल. संत्र्यावरील फळगळीचा अभ्यास करणाऱ्या मुलाने लगेच आपले गणित मांडले: आंबिया बहाराची, म्हणजे संत्र्याच्या हिवाळी मोहराची, फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात, गळ पावसाळ्यात होते, म्हणून काटोल-नरखेडच्या बागांमधील नमुन्यांसाठी लागणारे साहित्य उन्हाळा संपण्यापूर्वी हाती असले पाहिजे. अर्जातील वेळापत्रक ‘पहिले सहा महिने साहित्याचा आढावा, पुढचे सहा महिने माहितीचे संकलन’ अशा ठोकळ्यांत न लिहिता बहाराच्या महिन्यांत लिहावे, असे त्याने आपणहून ठरवले. समितीत कृषी विषयाचा जाणकार असेल तर एवढ्यावरूनच त्याला कळेल, की या मुलाने बाग पाहिलेली आहे.

पूर्व नागपुरातील हातमाग विणकरांच्या मुलाखती घेणाऱ्या संशोधकाच्या तक्त्यात लॅपटॉप होता, व्हॉइस रेकॉर्डर होता, पण मुलाखती उतरवून काढण्याचा खर्च नव्हता. एक तासाची ध्वनिफीत नीट उतरवायला चार ते सहा तास लागतात, आणि जुन्या विणकरांची बोली असेल तर त्याहून अधिक. ते काम तो रात्री जागून स्वतः करणार होता. स्वतःच्या श्रमाला शून्य किंमत लावण्याची ही सवय आपल्या मुलांमध्ये खोलवर आहे, आणि ती नम्रता आहे असे समजून आपणही तिचे कौतुक करतो. समिती मात्र त्या रिकाम्या रकान्याचा अर्थ एवढाच घेते, की अर्जदाराने हे काम पूर्वी केलेले नाही. लॅपटॉप काढून टाकला. पुष्कळ अनुदानांच्या नियमांत तो बसत नाही आणि बसला तरी शेवटी संस्थेच्या जडवस्तू-नोंदवहीत, म्हणजे मालमत्तेच्या यादीत, जातो. त्या जागी प्रतिलेखन आले.

शनिवार

आजचा विषय अटी हा होता. पैशाबरोबर अट येतेच, आणि ती अर्ज करण्यापूर्वी वाचावी, एवढे सांगायला पूर्ण तास लागेल असे वाटले नव्हते.

दीक्षाभूमीच्या शहरात याला बाहेरचे उदाहरण शोधावे लागत नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे आणि परतल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी, असा तो करार होता. वर्गातील प्रत्येकाला शिष्यवृत्ती ठाऊक होती, करार मोजक्यांनाच. मुदत संपल्यामुळे कोलंबियानंतर लंडनला सुरू केलेला अभ्यास १९१७ मध्ये अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले, आणि तो पुरा करण्यासाठी १९२० मध्ये पुन्हा जावे लागले, ते सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या मित्राने दिलेल्या कर्जावर. प्रबंध अपुरा असताना निधी आटला, तर दुसरा स्रोत कोणता, हा प्रश्न मी प्रत्येकाला स्वतःच्या संशोधनाबाबत लिहून आणायला सांगितला आहे. एका मुलाने जे. एन. टाटा एंडोमेंटचे नाव घेतले. ज्या जमशेटजींनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्यांनीच १८९२ मध्ये हा निधी उभारला. पण तो परदेशातील शिक्षणासाठी कर्जरूपाने दिला जातो, हे त्या मुलाला माहीत नव्हते. परत करावे लागणारे पैसे आणि न करावे लागणारे पैसे एकाच यादीत लिहू नयेत, ही सूचना त्यावरून फळ्यावर गेली.

खरा वाद पर्यावरणशास्त्राच्या विद्यार्थ्याने उपस्थित केला. एखाद्या उद्योगाच्या सांडपाण्याचा अभ्यास त्याच उद्योगाच्या सामाजिक दायित्व निधीतून करावा की नाही? कंपनी कायदा २०१३नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्च करावे लागतात, त्यामुळे पैसा आहे आणि तो जवळच आहे. अर्ध्या वर्गाचे म्हणणे होते, की पैसा घ्यावा आणि निष्कर्ष प्रामाणिक ठेवावेत. मला हे पुरेसे वाटत नाही, आणि मी तसे स्पष्ट सांगितले. निष्कर्ष प्रसिद्ध करण्यापूर्वी दात्याची परवानगी घ्यावी लागेल, असे कलम करारात असेल, तर संशोधकाचा प्रामाणिकपणा त्या कागदापुढे फार काळ टिकत नाही. नमुने कुठून घ्यायचे हे कोण ठरवणार, माहितीची मालकी कोणाची आणि प्रतिकूल निष्कर्ष छापण्याचा हक्क राहतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली तर विचार करावा. न मिळाली तर कॉन्टिन्जन्सीवर भागवावे, विषय लहान करावा, पण ते पैसे घेऊ नयेत. सगळ्यांना हे पटले नाही. जेआरएफ न मिळालेल्या मुलाला असा सल्ला देणे पगारदार प्राध्यापिकेला सोपे जाते, हे एका विद्यार्थ्याने जवळजवळ याच शब्दांत ऐकवले. त्याचे म्हणणे खोटे नाही. माझे मत मात्र बदललेले नाही.

उरलेल्या वेळात कागदपत्रे पाहिली. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातवैधता, आधारशी जोडलेले बँक खाते, मार्गदर्शकाचे शिफारसपत्र. यांतील प्रत्येकाला लागणारा वेळ मुलांनी प्रस्तावाच्या वेळापत्रकात धरला नव्हता. शिफारसपत्राबद्दल एवढेच सांगितले, की मार्गदर्शकाकडे कोरा कागद घेऊन जाऊ नये. प्रस्तावाचा सारांश, योजनेचे निकष आणि शेवटची तारीख एका पानावर लिहून द्यावी.

पुढच्या शनिवारी अनुदान मिळाल्यानंतरचा भाग घ्यायचा आहे. हप्त्यांचा हिशोब, पैसा ठरल्या कामी वापरल्याचे जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र आणि अखर्चित रकमेचे काय करायचे, हे समजावण्यासाठी ओळखीच्या एका चार्टर्ड अकाउंटंटना बोलावले आहे. झाडीपट्टीच्या विद्यार्थिनीला त्या दिवशी सुधारित तक्ता घेऊन यायला सांगितले आहे. दौऱ्यावरच्या नाट्यमंडळीसोबत जेवणाखाण्याची पावती कशी मिळवायची, हा तिचा प्रश्न मला सोडवता आला नाही, तो त्या अकाउंटंटनाच विचारायचा आहे.